जुना बेस घेताना पैसे नेकचे मोजा

प्रश्न: कॉलेजात घेतलेल्या एका साध्या बेस गिटारवर चार वर्षं वाजवतोय. ऑफिसातल्या मित्रांचा बँड आहे, महिन्यातून एखादा कार्यक्रम होतो. आता चांगला बेस घ्यायचाय, पण बजेट तीस हजारांच्या आसपास, म्हणून वापरलेला बघतोय. पुण्यात एकाकडे आयबानेझ एसआर 300 आहे, 24,000 ला. ठाण्यात स्क्वायरचा (फेंडर कंपनीचा स्वस्त ब्रँड) क्लासिक व्हाइब प्रिसिजन आहे, 32,000 ला. दोघंही 'एकदम मिंट कंडिशन' म्हणतात. मी नाशिकला असतो. कोणता घ्यावा, बघायला गेल्यावर काय तपासावं? आणि माझा आधीचा बेस कसा विकावा?

उत्तर: दोन्ही मॉडेलं चांगली आहेत. पण कोणतं मॉडेल सरस, हा नंतरचा प्रश्न. आधी हे ठरवायचं की समोर ठेवलेल्या या दोन वाद्यांपैकी कुणाचा नेक, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लांब लाकडी पट्टी, धड आहे. जुन्या बेसमध्ये तुम्ही मुख्यतः नेक विकत घेत असता. पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) बदलता येतो, पोट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग), जॅक, नट (नेकच्या हेडस्टॉककडच्या टोकाची खाचांची पट्टी), ट्यूनर (सुराच्या खुंट्या), ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा भाग) सगळं बदलता येतं, तेही बेताच्या खर्चात. नेक पिळला असेल किंवा ट्रस रॉड कामातून गेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या वाद्याला परवडत नाही. चार तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ताण असतो आणि तो दिवसरात्र, वर्षानुवर्षं त्या लाकडाच्या पट्टीवर असतो. त्याला तोलून धरायला आत एकच पोलादी सळई, तिलाच ट्रस रॉड म्हणतात. त्यामुळे विकणारा बॉडीवरचा चकचकीत रंग दाखवत असला तरी तुमचं लक्ष नेकवर हवं.

तपासायचं असं. बेस हातात आला की लगेच वाजवू नका. आधी तो नेहमीच्या सुरात लावून घ्या, कारण ढिल्या तारांवर नेकची खरी अवस्था कळतच नाही. मग बॉडीकडच्या टोकाला डोळा लावून फ्रेटबोर्डच्या (नेकची पुढची बाजू, जिच्यावर फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असतात) दोन्ही कडांवरून हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) बघा. दोन्ही कडा एकसारख्या दिसायला हव्यात. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली, किंवा नटची रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ एकमेकींना तिरकी, असं दिसलं तर नेक पिळलेला आहे. तिथेच नमस्कार करून निघा. किंमत निम्मी केली तरी घेऊ नका.

पीळ नसेल तर पुढची तपासणी. जाडी ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि तीच तार शेवटच्या फ्रेटवरही दाबा. बेसचा नेक लांब असल्याने एकट्याला हे जमवणं अवघड जातं, तेव्हा एका बाजूने विकणाऱ्यालाच धरायला सांगा. आता ती तार तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटचा माथा यांत किती फट आहे ते बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे 0.3 मि.मी.च्या आसपास फट असेल तर उत्तम. फट अजिबात नसेल आणि तार फ्रेटवर टेकलेली असेल, तर नेक मागे गेलाय. फट दीड-दोन कार्डांपेक्षा मोठी असेल तर पुढे वाकलाय. या दोन्ही गोष्टी ट्रस रॉडने सुधारतात, पण रॉड फिरत असेल तरच. म्हणून मालकाला सांगा, 'तुमच्या हाताने पाव फेरा फिरवून दाखवा.' दुसऱ्याच्या वाद्याच्या रॉडला आपण हात घालायचा नाही, हा शिष्टाचार आहे आणि तुमची सुरक्षितताही. रॉड थोडा जोर लावून फिरला आणि फट बदलली तर निश्चिंत व्हा. अ‍ॅलन की आतल्या आत घसरत असेल, रॉडचा नट टोकापर्यंत आवळून झालेला असेल, किंवा कितीही फिरवला तरी काहीच फरक पडत नसेल, तर तो बेस सोडा. मालक फिरवायलाच तयार नसेल तर मी त्याचा अर्थ 'काहीतरी आहे' असाच घेतो.

आणखी एक दोष सहज नजरेतून सुटतो. नेक जिथे बॉडीला जोडलेला असतो तिथून पुढचे, म्हणजे पंधराव्या-सोळाव्यानंतरचे फ्रेट थोडे वर उचललेले असतात. खालच्या फ्रेटवर सगळं छान वाजतं, पण अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) कमी केली की वरचे स्वर खरखरतात. विकणारे अशा वेळी अ‍ॅक्शन उंच ठेवून बेस दाखवतात. खिशात मिलिमीटरची पट्टी ठेवा. सतराव्या फ्रेटवर जाड्या तारेखाली अडीच मि.मी.च्या आत आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास अंतर असताना बेस स्वच्छ वाजायला हवा. तीन-साडेतीन मि.मी. असेल तर विचारा, का? 'मला अशीच आवडते' हे उत्तर खरंही असू शकतं. पण ब्रिजवरची सॅडल (तारेला टेकू देणारा तुकडा) खाली करून एकदा वाजवून बघायला हरकत घेण्याचं कारण नाही.

त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, सावकाश, एकेक स्वर विरेपर्यंत ऐका. कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांत होतं. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या पट्ट्यात विशेष कान द्या. फेंडर घडणीच्या बेसमध्ये तिथे एखादा स्वर लवकर मरतो. ही नेकच्या कंपनाची गोष्ट आहे, ती पूर्णपणे जात नाही. थोडं असेल तर चालतं, पण सी आणि डी हे स्वर तुम्ही तिथे रोज वाजवणार असाल तर नंतर सतत खुपत राहील.

फ्रेटची झीज सगळ्यांना दिसते, म्हणून त्यावर थोडक्यात. पहिल्या पाच-सहा फ्रेटवर तारेखाली बारीक खाचा असणं म्हणजे बेस वाजवला गेलाय, ही वाईट गोष्ट नाही. खाच नखाला खोलवर लागत असेल तर फ्रेट घासून समतल करण्याचा खर्च किमतीतून वजा करा. संपूर्ण नवे फ्रेट बसवायची वेळ आली असेल तर या किमतीच्या बेसवर तो खर्च करू नये.

आपल्याकडे हवामानाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि परदेशी व्हिडिओंतून तो कळत नाही. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत राहिलेल्या बेसच्या ब्रिजचे स्क्रू, सॅडल आणि ट्यूनर गंजतात. प्रत्येक सॅडलचा स्क्रू खरंच फिरतो का ते बघा, कारण गंजून बसलेला स्क्रू फिरवताना त्याचा माथाच झिजतो आणि मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक असणं) लावता येत नाही. तोच बेस कोरड्या गावात गेला की लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचू लागतात. ठाण्याचा बेस नाशिकला नेला तर उन्हाळ्यात असं होऊ शकतं. कारागीर कानस मारून टोकं साफ करून देतो, घाबरायचं कारण नाही. पण जागा बदलल्यावर दोन-तीन आठवडे बेस स्थिरावू द्या आणि मगच पूर्ण सेटअप (नेक, तारांची उंची आणि सूर यांची जुळवणी) करा. पावसाळ्यात घेतलेला बेस दिवाळीनंतर पुन्हा एकदा तपासावा लागतो, हे धरूनच चाला.

इलेक्ट्रॉनिक्स तपासायला स्वतःची केबल, हेडफोन, छोटा हेडफोन अ‍ॅम्प आणि एसआरसाठी नवी 9 व्होल्टची बॅटरी घेऊन जा. विकणाऱ्याच्या अ‍ॅम्पवर सगळंच गोड लागतं. नॉब फिरवताना खरखर आली तर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पण खरखरीबरोबर आवाज मध्येच गायब होत असेल तर पोट बदलावा लागेल. जॅकमध्ये केबल हलवून बघा. एसआरचं बॅटरीचं झाकण उघडून आत पांढरी-हिरवट पूड आहे का बघा. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये (ज्यात बॅटरीवर चालणारं सर्किट असतं) केबल लावली की प्रीअ‍ॅम्प सुरू होतो. लोक केबल तशीच लावून ठेवतात, बॅटरी संपते, महिनोन्महिने आत राहते आणि गळते. सर्किटपर्यंत गंज गेला असेल तर नवा प्रीअ‍ॅम्प बसवावा लागतो.

गुणगुणाटाबद्दल एक सूचना. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंगची जोडणी ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर आतली वायरिंग बघावी लागेल. जुन्या इमारतींत घराला अर्थिंगच नसतं, तेव्हा घरच्या मोठ्या अ‍ॅम्पवर आवाज आला म्हणून बेसला दोष देऊ नका. बॅटरीवर चालणाऱ्या हेडफोन अ‍ॅम्पवर खात्री करून घ्या.

आता तुमच्या दोन पर्यायांकडे. दोघांची स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) एकच, 34 इंच. फरक हाताला जाणवतो तो नेकच्या रुंदीचा. एसआरचा नेक नटपाशी 38 मि.मी. आणि पातळ, क्लासिक व्हाइब प्रिसिजनचा 42 च्या आसपास आणि भरीव. एसआर हलका, वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज जातो आणि ईक्यूमुळे (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायची सोय) आवाजात विविधता मिळते. प्रिसिजनमध्ये एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. दोन तुकड्यांचा तो पिकअप फेंडरने 1957 मध्ये आणला. त्याची दोन अर्धुकं परस्परांचा गुणगुणाट मारतात, आणि तो आवाज बँडमध्ये गिटार, कीबोर्ड, ढोलक सगळ्यांच्या मधून स्वतःची जागा काढतो. हिंदी-मराठी गाण्यांच्या बँडसाठी, दोन्ही नेक सारखेच निर्दोष निघाले तर मी प्रिसिजन घेईन. बॅटरीची काळजी नाही, बिघडायला फारसं काही नाही, आणि उद्या विकावासा वाटला तर गिऱ्हाईक लवकर मिळतं. पण तुमचा पंजा लहान असेल आणि दोन तास उभं राहून वाजवल्यावर मनगट दुखत असेल, तर माझ्या आवडीला महत्त्व देऊ नका, एसआर घ्या. पट्टा बरोबर न्या आणि दोन्ही उभं राहून वाजवा. बसून वाजवताना हेडस्टॉककडे झुकणारा बेस कळत नाही.

वय पडताळायला सिरियल नंबर वाचा. स्क्वायरच्या नंबराची सुरुवात 'आयसीएस 19' अशी असेल तर तो इंडोनेशियात 2019 ला बनलेला. इंडोनेशियात बनलेल्या आयबानेझमध्ये 'आय' अक्षरानंतरचे पहिले चार अंक साधारणपणे वर्ष आणि महिना सांगतात. 'दोनच वर्षं झाली' म्हणणाऱ्याचा नंबर सात वर्षांपूर्वीचा निघाला, तर भाव करण्याआधी माणसाचा विचार करा. तुमच्या बजेटमध्ये कुणी मेक्सिकोचा फेंडर देऊ केला तर आणखी सावध राहा. स्क्वायरच्या किंवा कुठल्यातरी नकलेच्या हेडस्टॉकवर फेंडरचं स्टिकर चिकटवून विकणारे आहेत. मेक्सिकोच्या 2010 नंतरच्या फेंडरचा नंबर सहसा 'एमएक्स' ने सुरू होतो आणि पुढचे दोन अंक वर्षाचे असतात. फेंडरच्या 2018 च्या प्लेयर मालिकेत गडद फ्रेटबोर्ड पाउ फेरो या लाकडाचा होता, रोझवूड 2024 च्या प्लेयर 2 मध्ये परत आलं. नंबर, लाकूड आणि विकणाऱ्याची हकिकत जुळायला हवी.

किमतीचा माझा ठोकताळा असा. त्याच मॉडेलची आजची दुकानातली प्रत्यक्ष विक्री किंमत काढा, छापील नव्हे. सहज मिळणारं मॉडेल, व्यवस्थित ठेवलेलं, तर त्याच्या 60 टक्क्यांच्या आसपास. बिल आहे, वर्ष-दीड वर्षाचाच आहे, ओरखडा नाही, तर 70 पर्यंत. झिजलेला, सेटअप मागणारा असेल तर 50 किंवा खाली. विकणाऱ्याने पूर्वी किती दिले, याचा भावाशी संबंध नाही. बदललेल्या पिकअपचे पैसे वेगळे मिळत नाहीत. उलट मूळ पिकअप बरोबर नसेल तर मी भाव कमीच धरतो. तारा जुन्या असतील तर नव्या चांगल्या सेटचे दोन हजार तुमच्याच खिशातून जाणार, तेही हिशेबात घ्या.

घासाघीस करायची तर बेस बघून झाल्यावर, समोरासमोर आणि कारण दाखवून. न बघताच 'लास्ट किती?' असा मेसेज टाकणाऱ्याला चांगला विकणारा उत्तर देत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. 'फ्रेट समतल करावे लागतील आणि जॅक सैल आहे, म्हणून 28 देतो' हे वाक्य ऐकून माणूस विचार करतो. आपली ही मंडळी मोजकी आहेत. आज ज्याच्याकडून बेस घ्याल तोच दोन वर्षांनी तुमच्याकडून अ‍ॅम्प घेईल.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. 'मी लष्करात आहे, बदली झाली, बेस पार्सलने पाठवतो, आधी टोकन पाठवा' ही हकिकत आली की बोलणं थांबवा. क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकला की तुमच्या खात्यात पैसे येतील, असं कुणी म्हणालं तर तो चोर आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे विकतानाही लक्षात ठेवा, कारण तेव्हाच हा प्रकार जास्त होतो. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. दूरच्या वाद्यासाठी व्हिडिओ कॉलवर सिरियल नंबर आणि ट्रस रॉडचं तोंड दाखवायला सांगा. आणि व्यवहार झाला की साध्या कागदावर मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या. चोरीचं वाद्य विकणारा या कागदाला तयार होत नाही.

तुमच्या बाबतीत मी ठाणे आणि पुणे दोन्हीकडे स्वतः जाईन. गाडीभाडं आणि एक रविवार गेला तरी स्वस्तात पडतं. आणि तिथे जाऊन बेस न घेता परत यायची मनाची तयारी ठेवा. एवढ्या लांब आलोच आहोत, म्हणून घेतलेले बेस लवकरच पुन्हा विक्रीला येतात.

आता तुमचा जुना बेस. नवा हातात येऊन एक कार्यक्रम होईपर्यंत तो विकू नका. विकायला काढताना भारी तारा किंवा नवा पिकअप घालू नका, तो खर्च वसूल होत नाही. पण स्वच्छ पुसा, फ्रेटबोर्डवरचा मळ काढा, खरखरणारे नॉब साफ करा, सुरात लावा. सुरुवात करणाऱ्या मुलाला विकायचा असल्याने पिशवी, पट्टा, केबल सगळं एकत्र द्या. त्याच्या आईवडिलांना एकाच रकमेत सगळं मिळालं की ते हो म्हणतात. जून-जुलैत कॉलेजं सुरू होतात तेव्हा मागणी असते. ऑर्केस्ट्रावाले गणपती-नवरात्राच्या आधी बघतात, पण ते तुमचा साधा बेस घेणार नाहीत.

फोटो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात काढा. हेडस्टॉक पुढून आणि मागून, नेकची मागची बाजू, बॉडीचा जोड, फ्रेट जवळून, आणि बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून अ‍ॅक्शनचा एक फोटो. ओरखडे आणि टवके यांचे फोटो आधी टाका. कोथरूडला एकाने आपल्या प्रिसिजनची जाहिरात लिहिताना पहिल्याच ओळीत 'टोनचा नॉब खरखरतो, बॉडीच्या खालच्या कडेला टवका आहे, रॉड दोन्ही बाजूंना फिरतो' असं लिहिलं होतं. बघायला आलेल्या माणसाने एक रुपयाही कमी करायला सांगितलं नाही. दोष सांगितलेला असला की घेणाऱ्याकडे भाव पाडायला कारणच उरत नाही. हेडस्टॉक कधी मोडून चिकटवला असेल, तर ते न सांगणं मी सरळ फसवणूक समजतो. मागे झुकलेल्या हेडस्टॉकच्या बेसमध्ये हे बरंच घडतं. जोड नीट असेल तर वाद्य चांगलं वाजतंही, पण निर्णय घेणाऱ्याचा असला पाहिजे.

गावाबाहेर पाठवायचा असेल तर खाजगी बसच्या डिकीतून पाठवण्यापेक्षा खोक्यात भरून कुरिअर बरा. बसनेच पाठवायचा झाला तर हार्ड केस हवी. तारा एक-दोन सूर उतरवा, पूर्ण ढिल्या करू नका. हेडस्टॉकखाली आणि नेकच्या संपूर्ण लांबीखाली फोमचा आधार द्या, म्हणजे खोकं आपटलं तरी नेक अधांतरी राहणार नाही. खोकं हलवल्यावर आत काहीच हलता कामा नये. बोल्ट-ऑन नेक असेल तर चार स्क्रू काढून नेक आणि बॉडी वेगळे करूनही पाठवता येतात. अमेरिकेतून येणारे आपले लोक मोठ्या सुटकेसमध्ये असाच बेस आणतात. पुन्हा जोडताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यांत तो बसल्याचा हलका ठोका हाताला लागला की मग सरळ आवळायचा, आणि तो हातानेच. ड्रिल मशीन लावलं तर लाकडातले आटे जातात, आणि मग नेक बॉडीला घट्ट बसत नाही.